पाळण्यापुरती हवा

आमच्या मालकांनी सत्तावीस वर्षं पिरंगुटच्या कंपनीत हवेवर चालणारं ग्राइंडर धरलं, आन घरी हवेची मशीन घ्यायची म्हणली, तवा हवा येती कुटनं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. खोटं न्हाई सांगत. कंपनीत भिंतीतनं पायप यायचा, त्याला नळी जोडायची, खटका दाबायचा, झालं. हवेची टाकी शेडच्या मागं कुटंतरी, ती बघणारा माणूस निराळा. आन हे मला सांगत व्हते, "चंद्रे, हवेच्या हत्यारातलं मला कुणी शिकवू नये."

म्हणलं, बरं.

गोष्ट पाळण्याची व्हती. आमची जुईली, एकुलती एक, पहिल्या बाळंतपणाला आमच्या भरे गावात यायची व्हती. पाळणा आमच्यात माहेरचाच लागतो. बाजारात पायजे तेवढे मिळत्यात. पर मालकांनी हट्ट धरला, पाळणा मी सोता करणार. गोल पायपाचा, हात फिरवला तर कुटं टोचायचं न्हाई असा घासून, वर रंग मारून. त्यासाठी घरामागच्या पत्र्याच्या शेडमधी हवेची मशीन पायजे, ग्राइंडर पायजे, रंगाची गन पायजे. मी इचारलं, "वरसातनं किती येळा वापरणार?" तर म्हणाले, "लागंल तवा." रिटायर होऊन वरीस झालं व्हतं आन वरीसभरात ह्या माणसानं साधा खिळा ठोकला नव्हता. मला तवाच खटकाय पायजे व्हतं. न्हाई खटकलं. मी आपली मशीन कुटं ठेवायची त्याच्यावरनं भांडत बसले.

पिरंगुटला साहिलचं हत्यारांचं दुकान हाय. तिशीतलं पोरगं, पर खरं बोलणारं. मालक आत शिरले ते सरळ मोठ्या ग्राइंडरपाशी. साहिल म्हणाला, "कोंडाजीकाका, आधी हत्यार बघू नका, आधी हवा बघा. हे ग्राइंडर कंपनीतलं आहे, ह्याला हवा लई लागते. घरच्या लहान टाकीवर लावलं तर दोन मिनिटांत दम सोडेल. मग टाकी भरेपर्यंत बसा हातावर हात ठेवून."

"मंग मोठी टाकी दे."

"मोठी घेऊन करणार काय? वर्षातनं दोनदा वापरायची. पैसे अडकणार, जागा अडकणार, टाकी आतनं गंजणार. घासायला विजेवरचं साधं ग्राइंडर घ्या, त्याला हवाच नको. हवेवर फक्त रंगाची गन घ्या आणि धूळ उडवायची गन घ्या. त्याला ही लहान टाकी पुरते. स्वस्तात काम होईल."

मला ते पटलं. मालकांना न्हाई. त्यांचं तोंड उतरलं. म्हणाले, "एकदा हातात तर दे. चालवून बघतो."

साहिलनं एक लहान ग्राइंडर काढलं, नळी लावली, टाकी चालू केली आन त्यांच्या उजव्या हातात दिलं. मालक टाकीच्या काट्याकडं बघत उभे राहिले. ग्राइंडर गप. जरा येळानं म्हणाले, "चालंना की रं तुजं. हवा येत न्हाई."

साहिलनं हाताकडं बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला, "काका, तुम्ही खटका दाबलाच नाही अजून."

मी पण बघितलं. बोट खटक्याच्या बाजूला नुसतं टेकलं व्हतं. मालकांना वाटत व्हतं, ते दाबतायत. मग त्यांनी मान खाली घातली, बोटाकडं टक लावली, आन बघून बघून बोट खटक्यावर नेलं. तवा ग्राइंडर सुरू झालं.

दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. साहिलनं हवा बंद केली. म्हणाला, "काका, उन्हाळ्यात हत्यारातनं जी गार हवा बाहेर पडते, ती हातावर घ्यायचा का तुम्ही?"

मालक हसले. "घ्यायचो की. समदेच घ्यायचे. तीच आमची एसी. पत्र्याखाली जीव जायचा, मंग गार वाटावं म्हणून बोटं तितंच धरून ठेवायचो."

"माझे मामा पण घ्यायचे. आधी हत्याराची थरथर, त्यावर ती गार हवा. त्यांच्या पण बोटांची जाणीव अशीच गेली."

डोळ्यापुढं एकेक यायला लागलं. थंडीत ह्यांची बोटं पांढरीफटक पडायची. शर्टाची बटनं मीच लावत व्हते दोन वरसं, आन मला वाटायचं लाडात आलंय म्हातारं. चहाची कपबशी डाव्या हातात. तीन कप फुटले तवा मी त्यांना काय नाय ते बोलले. धसमुसळे म्हणले. त्यांनी ऐकून घेतलं. लई वाईट वाटलं मला माझं.

बाहेर बसस्टॉपवर मात्र माझं डोकं फिरलं. "अवो, एवढं झालं आन मला सांगितलं न्हाई? मी कोण, शेजारीण?"

ते रस्त्याकडं बघत व्हते. "आधी कंपनीत सांगता येत नव्हतं. कळलं असतं तर मशीनीवरनं काढलं असतं, झाडू दिला असता न्हाईतर घरी बसवलं असतं. जुईलीचं शिक्षान चालू व्हतं. मंग लपवायची सवयच लागली."

"मंग हे हत्यारांचं खूळ कशाला?"

बस आली, गेली, आमी चढलो न्हाई. मंग म्हणाले, "पाळणा काय, इकत बी मिळतो गं. मला बघायचं व्हतं, हातात धरल्यालं कळतंय का. म्हणलं, ग्राइंडर धरता आलं तर पोर धरता येईल. आता ती यील, बाळ माज्याकडं देईल. निसटलं तर मला कळायचं बी न्हाई, चंद्रे."

मी त्यांचा हात धरला. भर बाजारात, ह्या वयात. धरलेला त्यांना कळला का न्हाई, देव जाणे.

आमी माघारी दुकानात गेलो आन साहिलनं सांगितलेली लहान टाकी आन रंगाची गन घेतली. पुण्याच्या डॉक्टरलाबी दाखवलं. तो म्हणाला, नसा गेल्यात, फारशी आशा नका ठेवू, थंडीत हात जपा.

पायप गावातल्या वेल्डिंगवाल्याकडनं जोडून आणले. घासायचं काम मी केलं, पॉलिश पेपरनं, चार दुपारी. रंग त्यांनी मारला. पहिल्या हाताला समद्या रंगावर कांजण्या आल्यागत ठिपके उठले. साहिलला फोन केला तर तो म्हणाला, टाकीतलं पाणी काढलं का? हवेतलं पाणी टाकीत साचतं, खालची चावी रोज सोडायची असती. मालक म्हणाले, "कंपनीत कुटं व्हतं पाणी?" व्हतं की, पर ते काढणारा माणूस निराळा. मी पुन्यांदा समदं घासलं. रोज चावी सोडायचं काम माज्याकडं घेतलं. मालक बोटाकडं बघत खटका दाबायचे, बघतच सोडायचे. दुसऱ्या हाताला रंग असा बसला की हात फिरवला तर सरकत जावा.

जुईलीला मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं. बायका जमल्या, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. पाळण्याचं समद्यांनी कौतिक केलं. मालक मागं भिंतीला टेकून, हात पाठीमागं बांधून उभे. जुईलीनं बाळ उचललं आन त्यांच्यापुढं धरलं. "आबा, तुमी अजून एकदाबी घेतलं न्हाई हिला. घ्या की."

त्यांनी माज्याकडं बघितलं. मी जवळ जाऊन हळूच म्हणलं, "खाली बसा. आन बघत धरा."

ते मांडी घालून बसले. जुईलीनं बाळ दिलं. त्यांनी एकेक बोट बघून बघून तिच्या मानेखाली नेलं, पाठीखाली नेलं, आन तसेच बसून राहिले. कुणी घुगऱ्या पुढं केल्या, कुणी फोटोसाठी हाक मारली, मान वर केली न्हाई. शेजारची फुलाबाई म्हणाली, "बघा, आजोबाची नजर हलंना नातीच्या तोंडावरनं."

मी व्हय म्हणलं. ते तोंडाकडं बघतच नव्हते. ते आपल्या बोटांकडं बघत व्हते.