माझ्या तळाशी साचणारे पाणी

मित्रांनो, मी एक जुना डिशवॉशर आहे. कोल्हापुरात, एका लेथवाल्याच्या स्वयंपाकघरात, ओट्याच्या कडेला मी उभा असतो. माझ्या दाराचे बिजागर आता कुरकुरते. भांडी धुऊन झाली की माझा पंप थोडा खोकतो आणि मगच गप्प बसतो. थकलो आहे, पण सांगण्यासारखे काही आहे, म्हणून बोलतो.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. पोटात पाणी तापवणारा हिटर बसवला, भांड्यांवर फवारे मारणारे फिरते हात बसवले आणि अगदी तळाशी एक पत्र्याचे ताट ठेवले. त्या ताटात एक हलका तरंगता ठोकळा असतो. कुठे गळती झाली की पाणी ताटात साचते, तरंगता वर उचलला जातो आणि मी काम बंद करतो. मग नवे पाणी आत घेत नाही, नुसता पंप चालवत राहतो. घरात पूर येऊ नये म्हणून ही सोय. तिनेच पुढे माझा जीव खाल्ला.

मला या घरात शांभवीने आणले, तिच्या आईसाठी. आईचे नाव चन्नम्मा. भांड्यांच्या साबणाने तिच्या हातांची कातडी फाटायची, बोटांच्या सांध्यातून रक्त यायचे. डॉक्टरांनी साबणाला हात लावायचा नाही असे बजावले होते. हातमोजे घातले तर आत घाम येऊन आणखी चिघळायचे. मी आल्यावर आमटीची पातेली, झुणक्याची कढई, भाकरीची ताटे, सगळे माझ्याकडे आले. हळूहळू तिचे हात भरून आले. शेजारच्या बायका मला पाहायला यायच्या, दार उघडून आत डोकवायच्या. चन्नम्माची नणंद आक्का कागलहून आली तेव्हा मात्र तोंड वाकडे करून म्हणाली, "भांड्याला यंत्र आणलंस, उद्या जेवायलाबी एक आण."

चन्नम्मा हसली. ते दिवस चांगले होते.

मग एकदा माझ्या गाळणीत भाकरीचे तुकडे अडकले आणि मी थांबलो. क्षुल्लक गोष्ट. चन्नम्माने गाळणी धुतली, मी पुन्हा चालू झालो. पण आक्का म्हणाली, एवढ्या बायका बघून गेल्या, नजर लागणारच. ही गोष्ट चन्नम्माच्या नवऱ्याने, विरूपाक्षने मनावर घेतली.

विरूपाक्षचे उद्यमनगरात लेथचे, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रांचे, वर्कशॉप आहे. तिथे दर अमावस्येला यंत्रांची पूजा होते. लेथला भस्माचे पट्टे ओढतात, फूल वाहतात, नारळ फोडून त्याचे पाणी यंत्रावर ओततात. लेथ पडला बिडाचा आणि तेलाने माखलेला, त्याला काही होत नाही. पुढच्या अमावस्येपासून विरूपाक्ष दिवेलागणीला घरी येऊन माझीही तशीच पूजा करू लागला. माझ्या डोक्यावर नारळाचे पाणी ओतायचा, हात जोडायचा आणि पुढून दिसणारे पाणी फडक्याने पुसून घ्यायचा. मागच्या फटीतून जे आत उतरायचे ते कोणाला दिसत नव्हते. ते तारांवरून ओघळत तळच्या ताटात जाऊन बसायचे.

थोडे पाणी मी पोटातल्या उबेने सुकवायचो. पण अमावस्या येत राहिल्या. ताटात पाणी साचले, तरंगता उचलला गेला आणि मी थांबलो. एक मेकॅनिक आला, त्याने दाराचे रबर बदलले. पुन्हा थांबलो तेव्हा दुसऱ्याने पाण्याची नळी बदलली. पुढे तर मला सुरू केले की घराचा मेन स्विच पडू लागला. मी बिघडलो की विरूपाक्ष जास्त श्रद्धेने नारळ फोडायचा. आणि मी बंद असलो की चन्नम्मा पुन्हा मोरीपाशी बसायची. तिची बोटे पुन्हा फाटू लागली. जेवताना ती घास उचलायला कचरायची, मीठमिरची झोंबते म्हणून. मी समोर उभा राहून हे पाहायचो. मित्रांनो, आपण ज्याच्यासाठी आणले गेलो त्याच्याच उपयोगी न पडणे, यासारखा शीण दुसरा नाही.

शेवटी ऋतुराज नावाचा मेकॅनिक आला. त्याने आधी माझा प्लग काढला, खालची पट्टी उघडली आणि मीटर लावला. हिटरच्या टोकांशी ओल होती, तिथूनच वीज पत्र्यात उतरत होती. टोके पुसून कोरडी केल्यावर हिटर ठणठणीत निघाला. त्याने ताट रिकामे केले, पुसून त्यात वर्तमानपत्र पसरले आणि मला पूर्ण एक धुणे चालवून पाहिले. कागद कोरडाच राहिला. गळती नाही, असे सांगून तो गेला.

अमावस्या झाली आणि मी पुन्हा थांबलो.

या वेळी ऋतुराज उकिडवा बसला तो बराच वेळ उठला नाही. मग म्हणाला, "काका, मी हरलो. पाणी कुठनं येतंय समजंना. नवं घ्या आता."

विरूपाक्षने मान हलवली. उद्या टेम्पो बोलावतो, भंगारात देऊ, म्हणाला. मला वाईट वाटले नाही. खरे सांगायचे तर सुटल्यासारखे वाटले.

चन्नम्मा तिथेच उभी होती. ती खाली वाकली. उघड्या ताटाच्या कडेने मुंग्यांची रांग लागली होती. ती हळूच म्हणाली, "साबणाच्या पाण्याला मुंग्या लागत्यात व्हय?"

ऋतुराजने बोट बुडवून वास घेतला, मग जिभेला लावले. "आंबूस हाय, पण गोड हाय की," तो म्हणाला.

माझ्या डोक्यावर काल ओढलेले भस्माचे पट्टे नारळाच्या पाण्याने ओघळलेले होते. ऋतुराजने ते पाहिले, मागच्या फटीवरून हात फिरवला आणि चिकट बोटे विरूपाक्षपुढे धरली. सगळे आयुष्य यंत्रांत घालवलेला माणूस तो. त्याला पुढचे सांगावे लागले नाही. तो स्टुलावर बसला.

"तुझ्या हातासाठीच फोडत हुतो गं," तो म्हणाला.

"मला ठाव न्हाई व्हय?" चन्नम्मा म्हणाली. "पण नारळ देवापुढं फोडा. ह्येला न्हाई पचत."

ऋतुराजने हिटरची गंजलेली टोके बदलली, ताट धुऊन सुकवले. टेम्पो आला नाही. त्या संध्याकाळी मोरीतली सगळी भांडी माझ्यात रचली गेली, रचली विरूपाक्षनेच, आणि चुकीची रचली. चन्नम्मा हातांना तूप लावून बसून राहिली. उठून नीट करावीत असे तिला वाटत होते, पण ती उठली नाही.

मित्रांनो, मी अजून काम करतो. फार दिवस करीन असे नाही. अमावस्येला मला आता फूल मिळते आणि कोरड्या फडक्याने पुसतात. तुमच्याही घरी असे एखादे थकलेले यंत्र असेल. त्याच्यावर माया करा, पण त्याला काय सोसते ते आधी विचारा. ते बिघडले तर प्लग काढून, जाणत्या माणसाला बोलावून, पाणी कुठून येते ते शेवटपर्यंत शोधा. आमची गाळणी धुवा, आम्हाला कोरडे ठेवा. आम्हाला देवपण नको. तुमच्या घरातल्या कोणाचे तरी हात बरे राहावेत, एवढ्यासाठीच आम्ही उभे असतो.