लाल गळ्याचा सरडा

सरडा रक्त पीत नाही. किडे खातो, मुंग्या खातो, फार तर एखादा नाकतोडा. हे मी आईला दर रविवारी सांगत होते, आणि आई दर रविवारी म्हणत होती, "तू गप गं. एवढं कळतंय तर शाळेतल्या पोरांना शिकव जा."

देवनहळ्ळीच्या शाळेत मी तेच शिकवते. जयनगरच्या घरी मात्र माझं कोण ऐकतंय! तिथे राज्य आईचं, म्हणजे तुंगाबाईंचं. भाऊ वेणुगोपाल चिकपेटेत साड्यांच्या दुकानात, वहिनी विद्याश्री ऑफिसात, आणि त्यांची सहा वर्षांची संहिता दिवसभर आजीच्या ताब्यात.

उन्हाळ्यात संहिता पांढरी पडू लागली. जिना चढताना मध्येच बसायची. कुठे आपटलेलं नसताना पायांवर निळे डाग. कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले, "रक्त स्वल्प कमी होतंय. लगेच तपासून घ्या." कमी होतंय म्हणजे कुणीतरी नेतंय, असा आईने अर्थ लावला. परसातल्या शेवग्यावर नेमका त्याच दिवसांत एक सरडा गळा लालभडक करून जोर काढत बसलेला असायचा.

"ओतिक्यात," आईने त्याचं कानडी नाव घेतलं. "पोरीच्या बेंबीकडे बघतोय मेला. लांबूनच ओढतो रक्त."

मी म्हटलं, अगं, हा त्यांचा विणीचा काळ. मादीने बघावं आणि दुसऱ्या नराने लांब राहावं म्हणून नर गळा लाल करतो. संहिता त्याच्या खिजगणतीतही नाही. आईने संहिताचा झगा खाली ओढला, शेंगा काढायची आकडी घेतली, सरड्याला खाली पाडलं आणि ठेचलं.

मेल्यावर सरड्याचा रंग जातो. तो लाल गळा बघता बघता मातकट झाला. "बघितलंस? रक्त परत गेलं," आई म्हणाली. दुसऱ्या दिवशी संहिताने एक दोसा जास्त खाल्ला. झालं! आईला आभाळ ठेंगणं.

रक्त तपासायचं राहून गेलं. राहून गेलं कसलं, आईने करू दिलं नाही. "अंगात रक्त नाही, त्यातून सुई खुपसून आणखी काढणार?" वेणूने मान डोलावली. आईपुढे माझ्या भावाला दुसरं काही येत नाही. विद्याश्री रडली, पण त्या घरात तिला कोण विचारतो! मी फोनवर भांडले, तर आईने फोन ठेवून दिला.

झाडावरची जागा रिकामी झाली की तिथे दुसरा नर येतो. हा निसर्ग आहे, पण आईला वाटलं तोच परत आला. तिने त्यालाही मारलं, मग त्यानंतरच्यालाही. घरात पोर तापाने फणफणलेली आणि म्हातारी भर उन्हात आकडी घेऊन झाडाखाली उभी. संहिता खिडकीतून बघत बसायची, दोन्ही हातांनी बेंबी झाकून. ते हात आठवले की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

शेवटी तिच्या नाकातून रक्त यायला लागलं ते थांबेना. तेव्हा विद्याश्रीने कुणाला न विचारता रिक्षा बोलावली. मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी रक्ताचा कॅन्सर सांगितला. बरंच आधी आणायला हवं होतं, म्हणाले. किती आधी, ते आम्ही कुणीच विचारलं नाही.

रक्ताची पिशवी लावायला नर्स आली तेव्हा मी आणि आई तिथे होतो. संहिताने हात पाठीमागे लपवला.

"मला नको. ते दुसऱ्या कुणाचं तरी रक्त आहे. मी काय ओतिक्यात आहे?"

नर्सला मराठी कळेना. ती माझ्याकडे बघू लागली. मी तोंड उघडणार तेवढ्यात आईच पलंगावर टेकली.

"घे बाळा. ओतिक्यात कुणाचं रक्त पीत नाही."

"आत्या म्हणते ते खरं?"

"खरं. आजीचं चुकलं."

हे आईच्या तोंडून ऐकलं की मला बरं वाटेल, असं वाटलं होतं. नाही वाटलं.

संहिताने हात पुढे केला. सुई टोचली तरी रडली नाही. पिशवीतून नळीत उतरणारा लाल थेंब ती बघत होती, आणि बघता बघता तिच्या कपाळाला आठी पडली.

"आज्जी, मग माझं रक्त कोण पितंय?"

आईने पदर तोंडात कोंबला.