डावीकडचं तिसरं भोक

प्रुएटने गाडी उचलली. विचारलं नाही, हातमोजेही घातले नाहीत. मागची दोन्ही चाकं अंगठ्यात आणि मधल्या बोटात धरून त्याने ती चौथ्या टेबलावरून उचलली आणि नवव्या टेबलावर नेऊन ठेवली.

"खाली ठेवा ती," अराक्सी बोयाजियन म्हणाली. ती एकोणऐंशी वर्षांची होती. घडीच्या खुर्चीतून उठेपर्यंत गाडी पोहोचलीसुद्धा होती.

"ठेवलीच आहे, बाई." लाइल प्रुएटने छातीवरचा परीक्षकाचा बिल्ला सरळ केला. "तुमचा गट बदललाय. चौथं टेबल प्रतिकृतींचं. खरोखरीची गाडी जशी होती तशी, तंतोतंत. नववं टेबल कल्पित गाड्यांचं."

नवव्या टेबलावर शवपेटीच्या आकाराची एक जांभळी गाडी होती. तिच्या धुराड्यांतून कापसाचा धूर निघत होता. अराक्सीची गडद हिरवी गाडी, जेमतेम वीतभर, त्या धुराला टेकून उभी होती.

"माझ्या गाडीत कल्पित काय आहे?"

प्रुएटने गुणपत्रिका वाचली. "बॉडी १९३२च्या फोर्डच्या प्लॅस्टिक किटमधली. इंजिन दुसऱ्या किटमधलं. चौकट तिसऱ्या. आणि पुढचा अ‍ॅक्सल चौकटीला धरणारे हे जे दोन ब्रॅकेट आहेत, त्यातला डावा शेतावरच्या ट्रेलरच्या किटमधून कापलाय. मी ओळखतो तो तुकडा. चार किटांची भेसळ आहे ही."

"खरी गाडीसुद्धा चार भंगार गाड्यांचीच होती. हॉट रॉड म्हणजे दुसरं काय असतं? दुकानातून खोक्यात घालून आणतात का?"

"खरी गाडी बाहेर उभी आहे. आज सकाळीच मी तिच्याखाली आरसा धरून बघितलं. दोन्ही ब्रॅकेट एकसारखे आहेत."

"मग खरी गाडी चुकलीय."

मागच्या टेबलावरचे दोघं हसले. प्रुएट हसला नाही. गेली अठरा वर्षं तो फ्रेस्नोच्या जत्रेच्या मैदानावर हेच काम करत होता आणि आपण न्यायी आहोत याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती.

"फोटो आहे? गाडीच्या पोटाचा, त्या काळातला?"

"१९६१ साली गाडीखाली झोपून फोटो कोण काढत होतं?"

"मग मी काय करू? आणि हे बघा, या डाव्या ब्रॅकेटचं तिसरं भोक तिरपं गेलंय. हात हलतो या वयात, मी समजू शकतो. पण दोन गुण गेलेच."

ते भोक सरळ आलं म्हणून अराक्सीने दोन ब्रॅकेट फेकून दिले होते. पण हे या माणसाला सांगण्यात अर्थ नव्हता.

तिचा भाचा बर्ज दोन सँडविच घेऊन आला. बावन्न वर्षांचा माणूस, पण आत्या चिडली की अजूनही जरा लांबच उभा राहायचा.

"आत्या, जाऊ दे ना. बक्षीस म्हणजे एक लाकडी फळी तर असते."

"मला फळी नको. मला माझं टेबल हवंय."

"बाबा असते तर म्हणाले असते..."

"जाऊ दे म्हणाला असता. तुझा बाप साठ वर्षं तेच म्हणत आला. त्याचं काय झालं ते बाहेर जाऊन वाच."

बाहेर, ऑक्टोबरच्या उन्हात, खरी गाडी उभी होती. तिच्यापुढे पितळेची पाटी होती : 'बांधणी : डेल व्हिटकर, १९६१.' डेल व्हिटकरने ती गाडी बांधली नव्हती, विकत घेतली होती. १९६२च्या वसंतात अराक्सीच्या भावाला, हेगला, लष्कराचं बोलावणं आलं, आणि बोयाजियनांच्या द्राक्षमळ्यातल्या गोठ्यात बांधलेली गाडी डेलने नेली. हिरव्यावर लाल रंग चढवला. मग चषक आले, वर्तमानपत्रांत फोटो आले, एका मासिकाच्या मुखपृष्ठावरही ती झळकली. प्रत्येक फोटोखाली डेलचं नाव. अराक्सीने एकेक अंक हेगच्या पुढ्यात आपटला होता. तो बेदाणे चघळत म्हणायचा, "गाडी चालतेय ना? मग जाऊ दे."

फेब्रुवारीत हेग गेला. चर्चमध्ये चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाली आणि त्याच आठवड्यात अराक्सीने पहिलं किट मागवलं. सात महिने ती स्वयंपाकघराच्या टेबलावर भिंग लावून बसत होती. सोबतच्या कार्डावर तिने आधीच ठसठशीत लिहून ठेवलं होतं : 'मूळ बांधणी : हेग बोयाजियन.'

तिने सँडविच बर्जच्या हातात परत दिलं आणि काठी घेऊन बाहेर निघाली.

गाडीचा आताचा मालक हॅलोरन दातांचा डॉक्टर होता. मऊ फडक्याने तो दिव्याची काच पुसत होता. म्हातारी थेट आपल्याकडेच येतेय हे पाहून तो अदबीने उभा राहिला.

"तुमचा डावा ब्रॅकेट चुकीचा आहे," अराक्सी म्हणाली.

"कुठला?"

"अ‍ॅक्सलचा. उजव्यासारखा लावलाय तुम्ही. उजवा ट्रकचा होता, तो बरोबर आहे. डावा भंगारात मिळाला नाही, म्हणून तिथे बेदाणे वाहायच्या ट्रेलरची पट्टी कापून लावली होती. सहा इंच लांब, खालचं टोक गोलाकार घासलेलं."

हॅलोरनचं फडकं काचेवरच थांबलं.

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"आत माझं मॉडेल आहे, ते बघा. नवव्या टेबलावर. शवपेटीच्या शेजारी."

हॅलोरन आत आला. प्रुएटकडून दांडीचा आरसा मागून घेतला, टेबलापाशी गुडघ्यांवर बसला आणि हिरव्या गाडीच्या पोटाखाली बराच वेळ बघत राहिला. मग आरसा परत दिला आणि तडक बाहेर गेला. थोड्याच वेळात त्याचा ट्रक मैदानाबाहेर पडताना दिसला.

"पळाला," बर्ज म्हणाला.

"पळू दे," प्रुएट म्हणाला. "बाई, उगाच सभ्य माणसाला त्रास दिलात. त्या गाडीवर त्याने तीन वर्षं खर्ची घातलीत. सगळं मूळ होतं तसं करून घेतलंय त्याने."

"मूळ होतं तसं!" अराक्सीची काठी फरशीवर आपटली. "मूळ काय होतं हे कुणाला विचारलं त्याने? तुम्ही कुणाला विचारलंत? पाटी वाचली आणि झालं!"

आजूबाजूची माणसं आपापल्या मॉडेलांवर वाकली. कोणीतरी ब्रशने नसलेली धूळ झाडू लागलं.

निकाल तीन वाजता होता. हॅलोरन अडीचला परतला. त्याच्या हातात तेलकट गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते त्याने नवव्या टेबलाच्या कडेला ठेवलं.

"गाडी घेतली तेव्हा हे डावीकडे होतं," तो म्हणाला. "मला वाटलं, नंतर कधीतरी कुण्या शेतकऱ्याने केलेली डागडुजी असेल. काढून उजव्यासारखा नवा बनवून घेतला. हे गॅरेजमध्ये खोक्यात पडलं होतं."

त्याने गोणपाटाच्या गाठीला हात घातला.

"थांबा. सोडू नका," अराक्सी म्हणाली.

प्रुएट जवळ आला. बर्जही आला.

"तीन भोकं आहेत त्याला," ती म्हणाली. "दोन मूळ ट्रेलरची, कारखान्यातली, गोल. तिसरं हाताने पाडलेलं. ते वरच्या काठाकडे तिरपं गेलंय. गोठ्यात शिकंजा नव्हता. हेगने पट्टी बुटाखाली दाबून धरली होती. बाहेर द्राक्षांवर गंधक मारत होते, त्याची धूळ आत आली, आणि ड्रिल लोखंडात शिरतेय तोच त्याला शिंक आली."

हॅलोरनने गाठ सोडली. पट्टी गंजून काळी झाली होती. त्याने ती खिडकीच्या उजेडात धरली. दोन भोकांतून उजेड गोल पडला. तिसऱ्यातून पडला तो लांबट, वरच्या काठाकडे ओढला गेलेला.

प्रुएटने आरसा आणि छोटी विजेरी काढली आणि हिरव्या गाडीखाली धरली. एकदा पट्टीकडे पाहिलं, पुन्हा आरशात पाहिलं. त्याचा कान लाल झाला होता.

"मी ती परत लावून घेईन," हॅलोरन म्हणाला. "म्हणजे, माझ्या कारागिराला सांगतो. या मापाची नवी, नीट..."

"नवी कशाला? हीच लावा. याच भोकासकट."

"हीच लावतो." त्याने खिशातून कागद आणि पेन काढलं. "आणि पाटीही बदलतो. तुमच्या भावाचं नाव सांगा."

"कार्डावर लिहिलंय," अराक्सी म्हणाली.

तो कार्डावर बघून लिहू लागला. बर्ज मात्र कार्डाकडे बघत नव्हता. तो पट्टीकडे बघत होता.

"आत्या," तो हळूच म्हणाला, "बाबांनी पट्टी बुटाखाली धरली होती. मग ड्रिल कोणाच्या..."

तेवढ्यात प्रुएटने गुणपत्रिका टेबलावर ठेवली आणि 'वजा दोन' खोडायला पेन टेकवलं.

"राहू द्या ते," अराक्सी म्हणाली.

"पण बाई, चूक माझी होती. भोक मुळातच..."

"भोक तिरपंच आहे. तेव्हा, गोठ्यात, माझ्या हातून चुकून गेलं. या वेळी मुद्दाम पाडलंय."

प्रुएटने गाडीकडे हात नेला.

"तुम्ही नका हात लावू."

तिने काठी बर्जकडे दिली, दोन्ही तळव्यांवर गाडी घेतली आणि एकेक पाऊल मोजून टाकत चौथ्या टेबलाकडे निघाली. हॅलोरनच्या कागदावर 'हेग' एवढं लिहून झालं होतं. पेन तसंच धरून तो बर्जच्या तोंडाकडे बघत उभा राहिला.