टेबलावरची दोन बोटं

मी एक जुना वजनकाटा आहे. एक तबकडी, एक लाल काटा आणि पोटात स्प्रिंग, एवढाच माझा संसार. मित्रांनो, आम्हाला खोटं बोलता येत नाही. अंगावर जेवढा भार येतो, तेवढाच आम्ही सांगतो.

टेलरकाकांच्या घरी मी आलो तो डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून. काकांचं यकृत काही वर्षांपासून कडक होत चाललं होतं आणि पोटात पाणी साठू लागलं होतं. बाईंनी काकूंना शांतपणे समजावलं होतं, की हा आजार पूर्ण बरा होण्यातला नाही, पण बदल वेळेवर कळला तर पुढचं आधीच ठरवता येतं. आठवड्यात दोन किलो वाढले की लगेच कळवायचं. आधी गोळ्या बदलायच्या. तेवढ्यावर भागलं नाही, तर यकृत बदलता येईल का, हे मोठ्या दवाखान्यात विचारायचं, आणि तेही अंगात ताकद आहे तोवरच.

काकूंनी त्याचा नेमच केला. त्यांचे नेम आधीच पुष्कळ, त्यात ही भर. सकाळी देवापुढे दिवा लागला की काकांनी उपाशीपोटी माझ्यावर उभं राहायचं आणि काकूंनी आकडा कॅलेंडरवर लिहायचा. शिलाई मशीन आणि कापड कापायचं टेबल यांच्यामध्ये मला जागा मिळाली. काका गिऱ्हाइकांना सांगत, "हिचे दोन देव. एक देव्हाऱ्यात, एक माझ्या पायाखाली." मला धन्य वाटे.

मग एका सकाळी काकांनी टेबलावर दोन बोटं टेकवली. तोल सावरत असतील, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी तीन बोटं टेकली. महिनाभरात अख्खा तळहात. वजन वाढत होतं आणि माझा लाल काटा जागचा हलत नव्हता. शाळेचे गणवेश शिवायचे पडले होते. "आकडा वाढला की दवाखान्यात भरती, आणि भरती झालो की दुकानाला कुलूप," असं काका एकदा मशीनशीच पुटपुटले. विजार दाटू लागली तेव्हा त्यांनी कंबरेची शिवण उसवून ती सैल केली. टेलरला त्यात काय अवघड!

तीन महिन्यांनी तपासणीला गेले, तर दवाखान्यातल्या काट्याने नऊ किलो जास्त दाखवले. अंगात तापही होता. काकांना तिथेच ठेवून घेतलं. घरी परतल्यावर लेक शेजारणीला सांगत होती, की आई म्हणाली, घरचा काटा बिघडला असेल, आणि बाबांनी मान डोलावली. पाणी कधीपासून साठतंय, हे डॉक्टरांना कुणी सांगूच शकलं नाही. त्याच दुपारी मी दाराशी ठेवलेल्या भंगाराच्या पोत्यात गेलो. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी.

दुसऱ्या दिवशी लेक दवाखान्यासाठी कपड्यांच्या घड्या करत होती. वडिलांच्याच हाताखाली शिवण शिकलेली ती. विजारीच्या कंबरेवर जुन्या टाक्यांच्या भोकांच्या तीन ओळी तिला दिसल्या.

"आई, ही तीनदा उसवलीये. बाबांची कंबर वाढत होती आणि तुझ्या कॅलेंडरवर आकडा तोच?"

काकूंनी ती विजार हातात घेतली. मग म्हणाल्या, "टेबलावरचा हात मला दिसत होता."

"मग?"

"तोच आकडा लिहिला की दिवस शांत जायचा गं."

मित्रांनो, काकांचा मला राग आला नव्हता. घाबरलेला माणूस हाताशी येईल त्याचा आधार घेतो. पण काकू माझ्या साक्षीदार होत्या. त्या तीन महिन्यांत त्यांचा एकही नेम चुकला नाही, आणि एकही आकडा खरा नव्हता.

लेकीने तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावून सगळं सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, यकृत बदलायचं विचारायला हवं होतं ते दोन महिन्यांपूर्वी. आता पोटातल्या पाण्यात जंतू झालेत. त्यातून ते निभावले, तर विचारू.

काकू फोनजवळ उभ्या राहून ते 'तर' ऐकत होत्या.

मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी आजारी माणूस काट्यावर उभं राहत असेल, तर जवळ थांबा. त्याचा हात टेबलावर दिसला तर ओरडू नका. हळूच तो उचला आणि दिसेल तेच लिहा. आकडा भिण्यासारखा असला तर दोघं मिळून भ्या. पण लिहा.