मोगऱ्याचा लांबलेला ताण

मित्रांनो, मी मोगरा असलो तरी गजऱ्यांच्या गोष्टी सांगणार नाही. घाटंजीत बेबीताईंच्या अंगणात, न्हाणीच्या भिंतीलगत मी बावीस वर्षं उभा आहे. त्यांच्या यजमानांनी, रामरावांनी, मला फांदी खोचून लावलं. ते संत्र्याच्या बागेत कामाला होते आणि तिथली सगळी विद्या त्यांनी माझ्यावर चालवली. दर पौषात ते माझं आळं उकरून मुळं उघडी करत, पानं काढून टाकत आणि पाणी बंद करत. याला ताण देणं म्हणतात. उपाशी राहिलेलं झाड बहरतं, असं त्यांचं म्हणणं. तीन आठवड्यांनी शेणखत आणि पाणी मिळे, आणि माघ सरता सरता मी फुलांनी भरून जाई. शेजारच्या जमिलाबी मधल्या कुंपणभिंतीवरून ओंजळ पुढे करत. कौतुक मलाही आवडतं, खोटं कशाला बोलू?

घरात नियम एकच. रामराव सांगतील त्याच दिवशी ताण तोडायचा. एकदा बेबीताईंना माझी दया आली आणि त्यांनी आधीच दोन तांबे ओतले. त्या वर्षी नुसती पानंच आली. रामरावांनी वर्षभर चिडवलं, तेव्हा बेबीताईंनी कानाला खडा लावला.

यंदा ताण दिला आणि नवव्या दिवशी रामरावांच्या छातीत कळ आली. संध्याकाळपर्यंत ते गेले.

माणसं आली, गेली. तेरावं झालं. तीन आठवडे उलटले, मग चार, मग पाच. बेबीताई भांडी घासत, माझ्याकडे बघत आणि आत जात. रडत नव्हत्या. मीही काही मागत नव्हतो. आधी तहान लागते, मित्रांनो, नंतर तीही कळेनाशी होते. शेंड्याच्या काड्या वाळल्या, तेव्हा मला काहीच वाटलं नाही.

एकदा सून अर्पिता बादली घेऊन आली.

“नोको देऊ पानी,” बेबीताई म्हणाल्या. “त्यायनं सांगतलं हाये, ‘मी म्हनीन तवाच द्याचं.’”

अर्पिता बादली घेऊन परत गेली.

सहाव्या आठवड्यात जमिलाबींनी भिंतीवरून माझी एक काडी मोडून पाहिली. आतून कोरडीठाक.

“बेबीताई, झाड मरून राह्यलं ना.”

“त्यायनं अजून सांगतलं नाही.”

जमिलाबी हळूच म्हणाल्या, “आता कोन सांगनार हाये, बाई?”

महिनाभरात त्या घरात हे कोणी बोललं नव्हतं. बेबीताईंनी पदर खोचला, नळाखाली बादली लावली आणि माझ्या बुडाशी रिकामी केली. पुन्हा भरली, पुन्हा रिकामी केली. आळं तुडुंब भरलं तरी त्या थांबेनात.

माझी अर्धी बाजू गेलीच. उरलेल्या बाजूला होळी झाल्यावर अकरा फुलं आली. बेबीताईंनी एक नाकाशी धरलं.

“मले वास येऊन नाही राह्यला,” त्या म्हणाल्या आणि सगळी फुलं जमिलाबींना दिली. मग अर्पिताला म्हणाल्या, “पुढच्या पौषात ताण तू देजो. पानी कवा सोडाचं, थे मी सांगीन.”

मित्रांनो, झाडाला ताण जरूर द्या. पण तो तोडायचा दिवस घरात आणखी एकाला सांगून ठेवा. सांगायला आपण असूच, असं नसतं.