दुसऱ्याचा आवाज नको

आमच्या ह्यांना नावानं कोणी ओळखत नाही. चेहरा दिसला की माणसं रस्त्यात थबकतात, बोट नाचवतात आणि म्हणतात, "अहो, तुम्ही ते… ते हे ना?" हे मान डोलावतात, "हो, तोच मी." सिनेमात आणि मालिकांत ह्यांनी काय काय केलं म्हणून सांगू! इन्स्पेक्टर, वकील, मुलीचा बाप, बँकेचा मॅनेजर, आणि सगळ्यात जास्त वेळा डॉक्टर. ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर यायचं, चष्मा काढायचा आणि "आम्ही खूप प्रयत्न केले" म्हणायचं. झालं काम! सेटवर सगळे ह्यांना 'डॉक्टर'च म्हणतात. शेजारच्या वहिनी तर अजूनही रक्ताचे रिपोर्ट घेऊन येतात, आणि हे चक्क वाचतात, गंभीर चेहरा करून.

माझं काम घरातलं. हे संवाद पाठ करत असले की समोरच्याची वाक्यं मी वाचायची. लग्न झाल्यापासून तेच. जेवणाच्या टेबलाशी बसून मी हिरॉइन झाले, गुंड झाले, न्यायाधीश झाले, एकदा तर ह्यांची दुसरी बायकोही झाले. पण अभिनय? नाव नको! गुंडाची धमकीसुद्धा मी भाजीचा भाव सांगितल्यासारखी वाचते. ह्यांना तसंच लागतं. "तू रंग भरू नकोस, माझा मला भरू दे," म्हणायचे.

मग ह्यांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. खऱ्या हॉस्पिटलातला खरा डॉक्टर बाहेर आला आणि मोबाइलकडे बघत म्हणाला, "चालतील बहुतेक. बोलण्याचं सांगता येत नाही." ज्या माणसानं आयुष्यभर बोलून पोट भरलं, त्याच्या बायकोला हे असं सांगायचं? इतका राग आला मला, की रडायचंच राहून गेलं.

हळूहळू हे काठी घेऊन चालायला लागले. बोलायला शिकवणारी बाई घरी यायची, आणि ती गेली की मी बसायची. आधी नुसते आ, ई, ऊ. मग पाणी, चहा. मग माझं नाव. त्या दिवशी मात्र मी राहिलेलं सगळं रडून घेतलं.

अशात एका सिनेमातून बोलावणं आलं. म्हाताऱ्या बापाचं काम. प्रसंग एकच, पण सिनेमाचा सगळा जीव त्यातच. फोन आमच्या मुलानं घेतला आणि परस्पर ठरवूनही टाकलं.

"बाबा, तुम्ही फक्त ओठ हलवायचे. आवाज दुसरा कोणी देणार आहे," तो म्हणाला.

"दुसरा म्हणजे कोण?" मी विचारलं.

मुलगा जरा चाचरला. "पोपट."

पोपट म्हणजे ह्यांची नक्कल करून वर आलेला कलाकार. हे नाव ह्यांनीच ठेवलेलं. कार्यक्रमात चष्मा काढून 'आम्ही खूप प्रयत्न केले' म्हणतो आणि लोक हॉल डोक्यावर घेतात. हेही पहिल्या रांगेत बसून हसायचे, पण घरी आल्यावर पुटपुटायचे, "वाक्य माझं, टाळ्या त्याला." आणि आता तोच ह्यांच्या तोंडून बोलणार होता.

ह्यांनी हातातला चमचा खाली ठेवला. एकेक शब्द ओढून काढत म्हणाले, "माझ्या… तोंडात… दुसरा… नको."

"बाबा, हट्ट काय धरून बसलात? काम मिळतंय हेच खूप—"

"तू गप्प बस," मी मुलाला म्हटलं. "त्या दिग्दर्शकाला फोन लाव आणि दे इकडे."

दिग्दर्शक तरुण, बोलायला गोड. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं. "ठीक आहे काकू, काकांना बोलू दे. जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेळ त्यांचा. पण नाहीच जमलं तर मी दुसरा आवाज घेणार. मग रागवायचं नाही."

"रागवणार तर," मी म्हटलं. "पण अडवणार नाही."

प्रसंग असा होता. घर सोडून गेलेली मुलगी कितीतरी वर्षांनी दारात येते आणि विचारते, "बाबा, मी आत येऊ का?" त्यावर बाप म्हणतो, "दार उघडंच आहे. तू गेलीस तेव्हापासून कडी लावलेली नाही. मधे चोर येऊन गेले. नेण्यासारखं काही सापडलं नाही, म्हणून चहा पिऊन गेले. ये. चपला काढून ये."

झालं! आमच्या घरात दुसरं काही ऐकूच येईना. कांदा चिरताना, कपडे वाळत घालताना, कुकरची शिट्टी होता होता मी आपली विचारतेय, "बाबा, मी आत येऊ का?" नवऱ्याला बाबा म्हणून म्हणून माझी मलाच लाज वाटायला लागली. 'उघडंच'पाशी ह्यांची जीभ हटकून अडायची. घामानं शर्ट भिजायचा. "अहो, पुरे आजच्यापुरतं," मी म्हणायची. हे डाव्या हाताचं बोट गोल फिरवायचे. पुन्हा. शेवटी एकदा सगळं सलग आलं. हळू आलं, जड आलं, पण आलं! मी हातातली पळी तशीच टाकून टाळ्या वाजवल्या.

शूटिंगच्या दिवशी ह्यांना खुर्चीत बसवलं. समोर कॅमेरा, पायाशी वायरींचा गुंता. मुलीचं काम करणारी नटी कॅमेऱ्याच्या शेजारी उभी राहून तिचं वाक्य म्हणणार होती. मला कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. साउंडवाल्याजवळ पोपट, कानाला हेडफोन लावून. मला बघून उठला, नमस्कार केला. मी बघितलं न बघितलंसं केलं.

नटी मोठी गुणाची. डोळ्यांत खरं पाणी, गळा दाटलेला. "बाबा… मी… आत येऊ का?" म्हणाली. ह्यांनी तोंड उघडलं. शब्द नाही. पुन्हा घेतलं. "दार—" एवढंच आलं. तिसऱ्या वेळी त्या बिचारीनं मदत म्हणून ह्यांचा पुढचा शब्दही हळूच म्हणून टाकला, आणि ह्यांचे कान लालबुंद झाले. दिग्दर्शक घड्याळाकडे बघायला लागला.

माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. काल रात्रीपर्यंत येत होतं, मग आता कुठे गेलं? तेवढ्यात ह्यांची नजर नटीवरून सरकली आणि मला शोधायला लागली, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अरे देवा! ह्यांची जीभ हे वाक्य माझ्या आवाजाला धरून चालायला शिकली होती. माझ्या त्या सपाट, बेसूर आवाजाला. इथे एवढी भावना अंगावर आल्यावर ती बुजणार नाही तर काय?

मी उठले.

"काकू, बसा ना," कोणीतरी म्हणालं.

"बसून बसून पाय आखडलेत माझे." मी सरळ दिग्दर्शकासमोर गेले. "ते वाक्य मी म्हणते."

"काकू, तुम्ही अभिनय—"

"अभिनय करायचाच नाहीये मला. तोच तर घोळ झालाय!"

नटी समजूतदार. काही न विचारता बाजूला झाली. "या काकू, इथे उभ्या राहा. कॅमेरा काकांवरच आहे, माझं वाक्य नंतर घेतील."

एवढी माणसं माझ्याकडे बघत होती. पण आवाज कापू दिला नाही. भाजीवालीशी बोलावं तसं विचारलं, "बाबा, मी आत येऊ का?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मानेच्या शिरा ताणल्या, तोंडाचा डावा कोपरा वर गेला. "दार… उघडंच आहे." मग कडी आली, चोर आले, चहा पिऊन गेले. "ये. चपला काढून… ये."

'कट' म्हणायला दिग्दर्शकाला वेळ लागला. मग साउंडवाल्याशी कुजबुजून तो ह्यांच्याजवळ येऊन वाकला. "काका, कमाल केलीत! फक्त 'उघडंच' जरा जाड आलंय. तेवढा एकच शब्द आपण," त्यानं पोपटाकडे बोट दाखवलं, "ह्यांच्याकडून घेऊ. कोणाला कळणारसुद्धा नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकच शब्द म्हणे! मी तोंड उघडणार, तोच पोपटानं हेडफोन काढून ठेवले.

"मला नाही जमणार," तो म्हणाला.

"अरे, एक शब्द!"

"मला काकांचा पूर्वीचा आवाज येतो. झोपेतून उठवलंत तरी काढीन. हा येत नाही. मघापासून मनातल्या मनात धरून बघतोय. प्रत्येक शब्दाआधी ते जोर लावतात ना, तो कुठून लावतात तेच कळत नाही. मी म्हटलं तर नुसती थट्टा होईल."

 दिग्दर्शक साउंडवाल्याला म्हणाला, "राहू दे. आहे तसाच ठेव."

हे काठी टेकत उठले. वायरी चुकवत, एकेक पाऊल टाकत पोपटापर्यंत गेले आणि डावा हात त्याच्या खांद्यावर ठेवला. सगळी खोली वाट बघत होती, आणि ह्यांना अजिबात घाई नव्हती.

"मी… आहे… अजून," हे म्हणाले. "शिकून… घे."