वाकडी बाही

आमची सून दीक्षा दाराकडे तोंड करूनच बसायची. उचगावातल्या आमच्या शिलाईच्या खोलीत काम मागायला कुणी बाई आली, की आधी तिची नजर हिच्यावरच पडली पाहिजे. मी म्हणजे जणू कोपऱ्यातलं गंजलेलं मशीन.

शाळेच्या ड्रेसचं हे काम उभं केलं मी. चौथीत शाळा सुटली, पण बाई पारखायला मला पुस्तक लागलं नाही. नवीन बाईला अख्खा शर्ट शिवायला लावायचा. सकाळी बसली की दिवेलागणीला शर्ट तिच्या हातात, निकाल माझ्या तोंडात.

नव्याण्णवच्या उन्हाळ्यात, शाळा उघडायच्या तोंडावर, दीक्षानं माझी रीत मोडली. "आत्या, दिवसाला एकच बाई बघून हुतीया. कापड बी वाया जातंय." तिनं मुद्दाम वाकड्या लावलेल्या बाह्या ठेवल्या. येईल तिनं एक उसवायची, सरळ लावायची. बस्स. चहा गार व्हायच्या आत हिला कळायचं: घाईची बाई धागा ओढून कापड फाडते, जाणती टाका-टाका सोडवते. माझा लेक प्रसेनजीत जेवताना तेच गाणं गायचा. माझ्या भाकरीचं एवढं कौतुक त्यानं कधी केलं नव्हतं.

मग बाया दारातूनच विचारायला लागल्या, "दीक्षाताई हायत का?" मी समोर बसलेली असताना!

शेजारच्या रफिकची बायको नजीरा काम शोधत होती. तिच्या हाताला वळण नाही, हे मला ठाऊक. तिलाच गाठली. म्हटलं, असली कच्ची बाई पास झाली, की सुनेच्या परीक्षेचं हसं होईल. आठवडाभर दुपारी तिला रफिकच्या जुन्या शर्टांवर सरावाला बसवली. "अगं, केस उपटल्यागत धागा काय वढतीस? ब्लेडचं टोक हळू घाल! आनि बाही खांद्यापासनं टाच, बगलेपासनं न्हवं!"

नजीरा पास झाली. दीक्षानं तिला मशीनवर बसवली, तशी मी सगळ्यांसमोर आवाज चढवला, "हिला समदं मी सांगितलंय! फुटलाय तुझा पेपर!"

मशिनं थांबली. नजीराचा चेहरा पडला. आलेलं काम जातंय, असं तिला वाटलं. दीक्षानं बाही उलटी केली, ओढून बघितली आणि हसली.

"सांगून काय हुतंय, आत्या? उत्तर पाठ करता येतंय, बाही न्हाय. शिकून आली, आनखी काय पायजे? नजीरा, इतकं निगुतीनं उसवायला कुनी शिकवलं तुला?"

नजीरानं माझ्याकडे बोट केलं. बाया फिदीफिदी हसल्या. मी पदर खोचला आणि दीक्षाच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.

"तुझी परीक्षा बरी हाय, दीक्षा, पर एका डोळ्यानं आंधळी. आलेली बाई कशी हाय, एवढंच तिला दिसतंय. ती कशी हुईल, ते मला दिसतंय. ऊठ आता, दाराम्होरली जागा माझी हाय."